रविवारी बॉयलर बंद

आक्कांनी देवाला शब्द दिला तेव्हा तिथे तिसरं कोणी नव्हतं. हॉस्पिटलच्या जिन्यावर औषधांची पिशवी मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या आणि वरच्या मजल्यावर त्यांच्या नवऱ्याला ऑक्सिजन लावलेला होता. आक्कांची लाँड्री होती. लाँड्रीचा बॉयलर नवरा सांभाळायचा, म्हणून सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. कित्येक वर्षं एकही सुट्टी न घेता मिस्त्री त्या वाफेत उभे राहिले, आणि एका रविवारी सकाळी बॉयलरच्या दारासमोरच कोसळले. चर्चची घंटा नुकतीच वाजून गेली होती. आक्कांनी ती नेहमीसारखी ऐकली होती आणि नेहमीसारखीच सोडून दिली होती, कारण त्या एका लॉजच्या चादरी बांधत होत्या.

जिन्यावर बसल्या बसल्या त्यांना ती घंटा आठवली. "हा माणूस मला परत दे," त्या मनात म्हणाल्या. "रविवारी बॉयलर पेटणार नाही. मी आहे तोवर नाही."

मिस्त्री बरे झाले. घरी आल्यावर आक्कांनी त्यांना शब्दाचं सांगितलं. मिस्त्रींनी उशी पाठीशी नीट केली आणि म्हणाले, "आठवड्यातला एकच दिवस? माझा भाव जरा जास्त असेल असं मला वाटलं होतं."

पण त्या दिवसापासून रविवारी बॉयलर बंद. गिऱ्हाइकं कुरकुरली, काही तुटली, बाकीच्यांना सवय झाली. रविवारी आक्का, मिस्त्री, आक्कांचे धाकटे दीर आणि जाऊ असे चौघं चर्चला जायचे. लाँड्रीत काम करणाऱ्या बहुतेक बायका त्याच चर्चच्या मंडळीतल्या होत्या, त्याही यायच्या. त्यांच्यात एक होती तिला सगळे कडकताई म्हणत. स्वभावावरून नव्हे, कॉलरवरून. तिने खळ लावून इस्त्री केलेली कॉलर टेबलावर ठेवली तर नुसती उभी राहायची. स्वभावाने ती इतकी मऊ होती की डाग निघाला नाही तर डागाचीच समजूत काढत बसायची.

अशी पाचसहा वर्षं गेली. लाँड्री ना वाढली ना घटली. मग नदीपलीकडे मोठं हॉटेल झालं.

हॉटेलचे मॅनेजर स्वतः आले, हीच मोठी गोष्ट होती. त्यांनी कुठेही न बसता आधी सगळी लाँड्री फिरून पाहिली. धुलाईच्या मोठ्या मशीनच्या काचेतून आत डोकावले, वाळवणाच्या खोलीत हात पुढे करून गरम हवा पाहिली, रचून ठेवलेल्या अभ्र्यांतला एक उचलून घडीवरून बोट फिरवलं.

"हे कोणी केलंय?"

आक्कांनी कडकताईकडे बोट दाखवलं. कडकताईला वाटलं काही तरी चुकलं, म्हणून ती लगेच माफी मागायला पुढे आली.

मॅनेजर खूश होते. चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ, वेटरांचे कोट, सगळं त्यांना एकाच ठिकाणी द्यायचं होतं. त्यांनी जो आकडा सांगितला तो ऐकून दिरांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. आयुष्यभर जे दोन्ही घरांना जमलं नव्हतं ते वर्षभरात होईल, इतकं ते काम होतं.

"एकच गोष्ट," मॅनेजर म्हणाले. "शनिवारी आमच्या खोल्या भरतात, रविवारी सकाळी रिकाम्या होतात. त्या कपड्यांची धुलाई रविवारीच व्हायला हवी. सोमवारी सकाळी आम्हाला सगळं परत लागतं."

"मंगळवारी देऊ," आक्का म्हणाल्या.

"मंगळवारी उपयोग नाही. रविवार हाच आमचा खरा दिवस आहे."

"आमचाही," आक्का म्हणाल्या.

मॅनेजरना वाटलं, घरच्यांबरोबर वेळ घालवायचा असेल. त्यांनी समजुतीने सांगितलं की आक्कांना स्वतः यायची काहीच गरज नाही. रविवारपुरती वेगळी माणसं लावावीत, आपण घरी आराम करावा.

"मी घरी बसले म्हणून बॉयलर थंड होत नाही ना," आक्का म्हणाल्या.

याचा अर्थ काय लावायचा ते मॅनेजरना कळेना. माणूस सभ्य होता. विचार करा, आठवडाभर थांबतो, असं म्हणून तो गाडीत बसला.

त्या दिवशी दुपारी दोन्ही घरं आक्कांच्या स्वयंपाकघरात जमली. दीर म्हणजे सगळ्यांना आवडणारा माणूस. लाँड्रीची गाडी तेच चालवायचे, गिऱ्हाइकांकडे तेच जायचे आणि जिथे जातील तिथे दोन घटका बसून यायचे. आक्कांना ते आईच्या ठिकाणी मानत. त्यामुळे त्यांनी आवाज अजिबात चढवला नाही.

"वहिनी, मी प्रार्थना केली," ते म्हणाले. "आणि मला मनात शांती मिळाली. देवच हे दार उघडतोय."

"कधी केलीत प्रार्थना?"

"आत्ता, येताना."

मिस्त्री मध्येच म्हणाले, "त्याला शांती लहानपणापासून लवकर मिळते. परीक्षेला जातानाही मिळायची."

जाऊबाई हसल्या आणि मग नवऱ्याकडे पाहून गप्प झाल्या. दिरांनी राग मानला नाही. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही शब्द दिलात तो दादासाठी. दादा बरा झाला. व्यवहार पुरा झाला."

आक्कांनी रिकामे कप उचलून मोरीत ठेवले. त्यांनाही तो आकडा ऐकू आला होता. मोठं मशीन जुनं झालं होतं, घराचं स्वयंपाकघर इतकं अंधारं होतं की दिवसाही दिवा लावावा लागे, आणि मिस्त्रींची औषधं काही स्वस्त होणार नव्हती. त्या संत नव्हत्या. त्या मनातल्या मनात नवीन स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदाही लावून आल्या होत्या. पण शब्द दिला होता तो दिला होता, आणि तो देताना 'हे बरे होईपर्यंत' असं त्या म्हणाल्या नव्हत्या.

"नाही जमणार, भावजी," त्या म्हणाल्या.

गोष्ट मंडळीत पसरायला वेळ लागला नाही. मात्र ती अर्धीच पसरली. हॉटेलचं काम आक्कांकडे आलं एवढं सगळ्यांना कळलं, त्यांनी ते नाकारलं हे कोणाला खरंच वाटलं नाही. चर्चच्या पाळकसाहेबांनाही अर्धीच कळली होती. चर्चचं छत गळत होतं. कित्येक वर्षं ते वर्गणी मागत होते आणि मंडळी त्यांना आशीर्वाद देत होती. आक्का आपला दशांश कधी चुकवत नसत. त्या मोठ्या आकड्याचा दहावा भाग म्हणजे निम्मं छत होईल, हे पाळकसाहेबांनी घरून निघतानाच मनाशी ठरवलं होतं. त्यामुळे ते आले ते अभिनंदन करायला.

खरं काय ते कळल्यावर त्यांनी पाणी मागितलं.

"आक्का, तुमच्या निष्ठेचा मला आदर आहे," ते म्हणाले. "पण शास्त्र अक्षराला चिकटून वाचायचं नसतं. विश्रांतीचा दिवस माणसासाठी आहे. देवाने तुम्हाला काही द्यायचं ठरवलं असेल आणि तुम्ही हातच पुढे केला नाहीत, तर?"

"पाळकसाहेब, मागच्याच रविवारी तुम्ही त्या श्रीमंत तरुणाचं सांगितलंत. प्रभूने सगळं सोडून ये म्हटल्यावर जो खिन्न होऊन निघून गेला. तुम्ही म्हणालात, आपण प्रत्येक जण रोज तसेच निघून जातो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं."

"ते प्रवचन होतं, आक्का."

"हो. म्हणूनच मी ऐकत होते."

पाळकसाहेबांनी पाणी संपवलं. ते वाईट माणूस नव्हते. खरं तर त्या क्षणी त्यांना स्वतःचीच थोडी लाज वाटली. पण छत गळत होतं हेही खरंच होतं, आणि लाज काही पाणी अडवत नाही. "मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन," ते म्हणाले. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही.

आठवडा संपला तेव्हा दीर आक्कांकडे आले. त्यांनी वाकून नमस्कार केला, तेव्हाच आक्कांना कळलं. हॉटेलचं काम त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलं होतं. गावाबाहेर एक मोकळी शेड मिळाली होती, बँक कर्ज द्यायला तयार होती.

"मी कोणाला शब्द दिलेला नाही, वहिनी," ते म्हणाले. "त्यामुळे मी तर तो मोडत नाहीये. तुम्हीही चला. सगळं तुमच्याच देखरेखीखाली. रविवारी तुम्ही येऊ नका."

आक्कांनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि नाही म्हणाल्या. दिरांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. ते पुसून ते कडकताईशी पगाराचं बोलायला गेले.

कडकताई आक्कांना सांगायला आली तेव्हा नुसती पदराशी चाळा करत उभी राहिली. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू होती, आणि नवा पगार जवळजवळ दुप्पट होता.

"जा," आक्का म्हणाल्या. "मी तुझ्या जागी असते तर गेले असते."

"तुम्ही नसता गेलात, आक्का."

"बरं, नसते गेले. पण तू जा."

एकेक करून बाकीच्याही गेल्या. दोघी म्हाताऱ्या राहिल्या, कारण त्यांना शेडपर्यंत चालवत नव्हतं.

आता आक्कांच्या मनातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती त्यांनी तेव्हा मिस्त्रींनाही सांगितली नव्हती. त्या वाट पाहत होत्या. चर्चमध्ये त्यांनी आजवर पुष्कळ साक्षी ऐकल्या होत्या. कोणी लाच नाकारली आणि महिन्याभरात त्याला बढती मिळाली. कोणी दारूचं दुकान बंद केलं आणि किराणा असा चालला की शेजारचा गाळाही घ्यावा लागला. देवासाठी सोडलेलं देव व्याजासकट परत करतो, हे इतक्या जणांनी माइकसमोर उभं राहून सांगितलं होतं की त्यात शंका घेणं आक्कांना उद्धटपणाचं वाटलं असतं. फक्त ते कधी आणि कुठल्या वाटेने येणार, एवढंच त्यांना माहीत नव्हतं. त्यामुळे फोन वाजला की त्या हात पुसून स्वतः उचलायच्या.

एकदा खरंच तसा फोन आला. मोठ्या हॉस्पिटलमधून, तेही त्याच हॉस्पिटलमधून. तिथल्या बाईंनी फार अदबीने विचारलं, "लाँड्रीच का? तुमचं काम फार चांगलं असतं असं ऐकलंय."

उभ्या असलेल्या आक्का स्टुलावर बसल्या. जिन्याची ती जागा त्यांच्या डोळ्यांसमोर आली. देव असा गोष्ट पुरी करतो तर, त्यांना वाटलं.

"आम्हाला तुमच्या दिरांचा नंबर मिळेल का?" बाई म्हणाल्या. "त्यांचा फोन लागत नाहीये."

आक्कांनी नंबर दिला. चुकू नये म्हणून तो पुन्हा एकदा सावकाश सांगितला.

त्यानंतर मोठं मशीन विकावं लागलं. एवढं मशीन घेणारा आसपास एकच होता. दिरांनी योग्य त्यापेक्षा जास्तच किंमत दिली, आणि माणसं लावून ते इतकं जपून नेलं की भिंतीचा पोपडाही पडला नाही. उरलेल्या कामाला दोन घरगुती मशीन आणि विजेच्या इस्त्र्या पुरत होत्या. बॉयलर पेटवणं परवडेना. मिस्त्रींनी एके दिवशी त्याच्या सगळ्या तोट्या बंद केल्या, पुसून घेतला आणि त्यावर एक जुनी चादर टाकली.

"तू देवाकडे एकाच दिवसाची सुट्टी मागितली होतीस," ते म्हणाले. "त्याने आठवडाच मंजूर केला."

एरवी आक्का हसल्या असत्या. त्या दिवशी त्या मागच्या दारी जाऊन बसल्या आणि देवाशी भांडल्या. मोठ्याने नव्हे, शेजार होता. पण बरंच बोलल्या. त्या म्हणाल्या, मी काही फार मागितलं नव्हतं. होतं ते राहू दिलं असतंस तरी चाललं असतं. तिकडे भावजींनी दुसरी गाडी घेतली. तिकडे सगळं ठीक चाललंय. तुझा कुठे पत्त्यात घोटाळा तर झाला नाही ना?

उत्तर आलं नाही. पुढचे कित्येक आठवडे त्यांचं देवाशी जेवढ्यास तेवढं होतं. चर्चला मात्र त्या जात राहिल्या. शब्द बॉयलरचा होता, पण आता बॉयलर पेटतच नव्हता, आणि रविवारी सकाळी दुसरीकडे कुठे जावं हे त्यांना सुचत नव्हतं.

इकडे चर्चचं छत झालं. दिरांनी एकट्याने केलं. नुसतं छत नाही, आतून लाकडी पट्ट्या, नवे पंखे आणि दाराशी संगमरवरी पाटी. पाटीवर 'प्रभूच्या गौरवासाठी' असं होतं आणि त्याखाली, प्रभूपेक्षा किंचित मोठ्या अक्षरांत, दिरांचं नाव होतं. अर्पणाच्या दिवशी दिरांनी साक्ष दिली. मी देवाला पहिलं स्थान दिलं, बाकीचं आपोआप मिळत गेलं, असं ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. आक्का पहिल्या बाकावर बसून ऐकत होत्या. खोटं बोलणारा माणूस त्यांना ओळखता यायचा. भावजी खोटं बोलत नव्हते. तेच अवघड होतं.

नव्या छताखाली पाळकसाहेबांच्या एक गोष्ट लक्षात यायला दोनतीन महिने लागले. बाक रिकामे होते. आधी वाटलं साथ आली असेल, मग त्यांनी एकेका घराची चौकशी केली. मंडळीतल्या निम्म्या बायका आणि काही पुरुष दिरांच्या शेडमध्ये कामाला होते, आणि रविवार हा तिथला सगळ्यात मोठा दिवस होता. छत गळत होतं तेव्हा खाली माणसं होती. आता छत गळत नव्हतं.

पाळकसाहेब दिरांकडे गेले. दिरांना फार वाईट वाटलं. त्यांनी तिथल्या तिथे उपाय काढला. लोकांना चर्चला येता येत नसेल तर चर्च लोकांकडे येईल. रविवारी सकाळी चहाच्या सुट्टीत शेडमध्येच छोटी उपासना ठेवू. पाळकसाहेबांना कल्पना आवडली. विषय त्यांनी लगेच ठरवला, विश्वास की संपत्ती. साक्ष कोणी द्यावी याचा विचार करताना दोघांनाही एकच नाव सुचलं, कारण मंडळीत ते खरंच करून बसलेलं दुसरं कोणी नव्हतं.

"आक्का, तुम्ही याच," पाळकसाहेब म्हणाले. "लोकांना उत्तेजन मिळेल. फक्त एक करा. शेवटी देवाने तुम्हाला काय दिलं तेही सांगा. नाहीतर ऐकणाऱ्याला गोष्ट अधांतरी वाटते."

"काय दिलं त्याने मला?"

पाळकसाहेबांनी खोलीभर नजर फिरवली. दोन घरगुती मशीन, दोऱ्यांवर कोणाकोणाचे शर्ट, झाकलेला बॉयलर. "आठवून पाहा," ते म्हणाले. "काहीतरी असेलच."

आक्का शेडमध्ये गेल्या. बायका कशा आहेत हे पाहायचं होतं, म्हणून गेल्या. शेड मोठी होती आणि चांगली होती. उजेड होता, हवा होती, दिरांनी खरोखर पैसे खर्च केले होते. आक्कांचं जुनं मशीन कोपऱ्यात नव्या मशीनांच्या रांगेत उभं होतं आणि त्यांच्यापेक्षा मोठ्याने घरघरत होतं. रविवारच्या चादरींचे ढीग कंबरेएवढे होते. ड्रायर चालूच ठेवले होते, कारण ते थांबवले असते तर सोमवार चुकला असता. पाळकसाहेबांना त्या आवाजावर ओरडून प्रार्थना करावी लागली. बायका चादरींच्या गठ्ठ्यांवर बसल्या होत्या. कडकताईने आक्कांना पाहिलं आणि हात जोडून तिथूनच हसली. ती वाळली होती.

प्रार्थना होते न होते तोच दिरांना हॉटेलचा फोन आला आणि ते बाहेर गेले. पाळकसाहेबांनी आक्कांना पुढे बोलावलं.

आक्कांना आवाज चढवायची सवय नव्हती. "जवळ या," त्या म्हणाल्या. गठ्ठे सरकवत सगळ्या जवळ आल्या.

"तुम्हाला सगळं माहीतच आहे," आक्का म्हणाल्या. "मी शब्द दिला होता, म्हणून मी हे काम घेतलं नाही. पाळकसाहेब म्हणाले, त्याबद्दल देवाने काय दिलं ते सांगा. मी आठवून पाहिलं. त्याने काही दिलं नाही."

पाळकसाहेबांनी मान खाली घातली.

"हे सांगायची मला लाज वाटते. देवाचं नाव खराब होईल असं वाटतं. पण तुम्हाला खोटं सांगून काय करू, तुम्ही माझी लाँड्री पाहिली आहे. मी वाट पाहिली बरं का. फोन वाजला की मीच उचलायचे. माझ्या मनात असं होतं की मी हॉटेल सोडलं तर देव मला त्याहून मोठं हॉटेल देईल. म्हणजे मी सोडलं काहीच नव्हतं. मी फक्त गिऱ्हाईक बदललं होतं."

एकदोघी हसल्या. आक्काही थोड्या हसल्या.

"मग मी रागावले. पुष्कळ दिवस अबोला धरला. चर्चला जायचे आणि नुसती बसून यायचे. असं करता करता एका रविवारी लक्षात आलं की मी काही मागत नाहीये. मागायला काही उरलंच नव्हतं. आणि तरी मला तिथून उठावंसं वाटत नव्हतं. कोणीतरी शेजारी बसलंय असं वाटत होतं. मशीन गेलं, माणसं गेली, बॉयलर गेला, हा कुठे गेला नव्हता. बस, एवढंच आहे. एवढ्याने घर चालतं का? ओढाताण होते. पण पुन्हा कोणी ते काम घेऊन आलं तर मी पुन्हा नाहीच म्हणेन, आणि या वेळी वाट पाहणार नाही."

त्या थांबल्या. पाळकसाहेबांनी शेवटची प्रार्थना करायला तोंड उघडलं, तेवढ्यात ड्रायरची घंटी झाली. बायका उठल्या, दारं उघडून गरम टॉवेल काढायला लागल्या. कडकताई मात्र गठ्ठ्यावर तशीच बसून होती. दुसऱ्या एकीने हाक मारल्यावर ती उठली.

दीर आत आले ते 'आमेन' म्हणतच. "फार सुंदर बोललात, वहिनी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच दीर आक्कांच्या दारात उभे होते. चेहरा उतरला होता.

"वहिनी, काल तुम्ही नेमकं काय बोललात?"

"का? काय झालं?"

"कडकताई म्हणते, मला रविवारी सुट्टी पाहिजे. पगार कापा म्हणते. तिचं ऐकून आणखी तिघी आल्या. मी समजावलं, हॉटेलचं काम आहे, असं मध्येच करता येत नाही. तर म्हणते, मग दुसरी पाहा, मी आक्कांकडे जाते. मी म्हटलं, अगं, तिथे कामच नाही. तर म्हणते, मला माहीत आहे."

मिस्त्री आतून म्हणाले, "तुला शांती मिळाली का यावर?"

"नाही ना, दादा," दीर म्हणाले. लहानपणापासून पहिल्यांदाच ते असं म्हणाले असतील. ते खुर्चीवर बसले आणि आक्कांनी दिलेला चहा त्यांनी न फुंकताच प्यायला सुरुवात केली. "वहिनी, तिच्याशिवाय वेटरांचे कोट कोणाला जमत नाहीत. ती गेली तर हॉटेल मला उभं करणार नाही."

"मग द्या की तिला रविवार."

"एकीला दिला तर सगळ्यांना द्यावा लागेल."

"भावजी, सगळ्यांना एकदम कशाला? पाळीपाळीने द्या. चार माणसं जास्त लावा."

"त्यात माझं किती जाईल ते माहीत आहे का?"

"अंदाज आहे," आक्का म्हणाल्या. "मला थोडा अनुभव आहे त्यातला."

दीर चहा संपवून उठले. जाऊबाईंनीही घरी त्यांना काही सुनावलं असावं, कारण त्यांनाही नवरा कुठल्याच रविवारी दिसत नव्हता. आठवडाभराने शेडमध्ये नवी पद्धत सुरू झाली. प्रत्येकाला महिन्यातला एक रविवार, पगार न कापता. हॉटेलला काही कळलंही नाही.

ही गोष्ट दिरांनी चर्चमध्ये जाहीर केली. तेव्हा तेही बऱ्याच दिवसांनी रविवारी तिथे आले होते. व्यवसायाचं नुकसान सोसूनही मी विश्वासाचा मार्ग निवडला, असं ते म्हणाले. आवाज भरून आला होता. पाळकसाहेबांनी त्यांना मिठी मारली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. ती काय करते ते त्यांना बघायचं होतं. आक्काही टाळ्या वाजवत होत्या, आणि उगीच नाही, चांगल्या जोरात.

"तुला राग नाही येत?" मिस्त्रींनी हळूच विचारलं.

"येतो ना," आक्का म्हणाल्या. "पण त्यांनी खरंच दिलंय हो. त्यांच्या हातून जेवढं सुटलं तेवढं सुटलं."

पहिला रविवार कडकताईचा होता. ती धुतलेली साडी नेसून आली, सासूला शेजारणीकडे सोपवून. आक्कांनी सरकून तिला जागा केली. पाळकसाहेब प्रवचनाला उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी कुठलाही मोठा विषय घेतला नव्हता. थकलेल्यांविषयी काहीतरी साधंच बोलत होते, आणि मधूनमधून अडखळत होते, कारण या वेळी ते लिहून आणलं नव्हतं. नवे पंखे फिरत होते. थोड्या वेळाने कडकताईची मान कलली. ती दचकून सावरली, पुन्हा कलली, आणि मग आक्कांच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपली.

मागच्या बाकावरच्या कोणीतरी तिला उठवायला हात पुढे केला. आक्कांनी तो हलकेच बाजूला केला, खांदा जरा खाली घेतला आणि पुढे ऐकू लागल्या.